प्रॅक्टिस वाढते, पण डॉक्टरचं काय?

जागतिक वैद्यकीय संघटनेनं १९४८ साली जिनिव्हा इथे डॉक्टरांसाठी एक प्रतिज्ञा मंजूर केली. रुग्णाचं हित, त्याच्या गुपितांची जपणूक, गुरुजनांविषयी आदर या गोष्टी तिच्यात पहिल्यापासून होत्या. डॉक्टरनं स्वतःच्या प्रकृतीकडे लक्ष द्यावं, हे कलम तिच्यात यायला मात्र २०१७ साल उजाडावं लागलं. शिकागोच्या अधिवेशनात ते आलं तेव्हा त्यामागचं कारणही त्यातच नोंदवलं गेलं: रुग्णाला उत्तम दर्जाची सेवा देता यावी म्हणून डॉक्टरनं स्वतःला जपायचं. डॉक्टरची तब्येत ही त्याची खासगी बाब नसून सेवेची अट आहे, हे जगभरच्या वैद्यकीय व्यवसायानं लेखी मान्य केलं ते असं, जवळजवळ सत्तर वर्षांनी.

ही अट सर्वांत जास्त कुठे मोडते, तर छोट्या प्रॅक्टिसमध्ये. मोठ्या रुग्णालयातला डॉक्टर आजारी पडला तर ओपीडीत दुसरा बसतो. छोट्या दवाखान्याला कुलूप लागतं. गल्लीतला फॅमिली डॉक्टर, तालुक्याच्या गावातलं दहा-पंधरा खाटांचं नर्सिंग होम, दोन खुर्च्यांचा दंतवैद्याचा दवाखाना, एका खोलीत सुरू झालेलं फिजिओथेरपी सेंटर, या सगळ्यांची गोष्ट एकच. महाराष्ट्रातल्या रोजच्या औषधोपचाराचा मोठा भार हीच मंडळी उचलतात. म्हणून त्यांची प्रॅक्टिस वाढताना त्यांची प्रकृती कशी टिकेल, या प्रश्नाकडे शरीर, मन, पैसा आणि व्यवस्था अशा चारही अंगांनी पाहायला हवं.

खाली दवाखाना, वर घर

आपल्याकडच्या छोट्या प्रॅक्टिसची एक ठरलेली मांडणी आहे. तळमजल्यावर ओपीडी, पहिल्या मजल्यावर खाटा आणि ऑपरेशन थिएटर, वर राहतं घर. नवरा फिजिशियन आणि बायको स्त्रीरोगतज्ज्ञ, किंवा ती बालरोगतज्ज्ञ आणि तो भूलतज्ज्ञ. शिक्षण संपेपर्यंत तिशी येते, कर्ज काढून जागा घेतली जाते, आणि पुढची वीस वर्षं दोघांचं आयुष्य त्या एका इमारतीत जातं. या मांडणीचे फायदे खरे आहेत. डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतो, पेशंटला त्याचं नाव माहीत असतं, डॉक्टरला पेशंटचं घर माहीत असतं.

पण याच मांडणीत कामाला शेवट नसतो. सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी सहा ते दहा ही सर्वसाधारण वेळ धरली, तरी दिवसाचे आठ तास आणि सहा दिवसांचे अठ्ठेचाळीस होतात. रविवारची सकाळ धरली की बावन्न. त्यात खाटांवरच्या पेशंटची राऊंड, रात्री वाजलेली बेल आणि विमा कंपनीचे कागद मिळवले की पंचावन्नचा आकडा सहज ओलांडला जातो. शिवाय मधले चार तास मोकळे दिसले तरी विश्रांतीचे नसतात. बँक, रजिस्ट्रेशन, जनरेटरची दुरुस्ती, सोडून गेलेल्या सिस्टरच्या जागी नवी शोधणं, हे सगळं त्याच वेळात बसवावं लागतं. रात्रीचं जेवण साडेदहाला होतं आणि झोप बाराला लागते. पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाचा सीझन सुरू झाला की हे वेळापत्रकही उरत नाही.

शरीर काय सोसतं

पंचावन्न तासांचा आकडा महत्त्वाचा आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के, तर हृदयविकारानं मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्के जास्त असतो. हे आकडे सर्व व्यवसायांचे आहेत. डॉक्टर त्याला अपवाद ठरावा असं काहीही त्याच्या शरीरात नाही.

भारतीय डॉक्टरांविषयी बोलताना इंडियन मेडिकल असोसिएशनच्या केरळ शाखेनं २०१७ च्या सुमारास मांडलेला आकडा नेहमी पुढे येतो. मृत डॉक्टरांचं सरासरी वय ६२ च्या आसपास, म्हणजे सामान्य मल्याळी माणसाच्या आयुर्मानाहून बरंच कमी, असं त्यात दिसलं. हा आकडा सावधपणे वाचला पाहिजे. ज्या गटात तरुण सभासदांची संख्या मोठी असते, तिथल्या मृतांचं सरासरी वय कमीच येतं. त्याची तुलना जन्मावेळच्या आयुर्मानाशी करणं शास्त्राला धरून नाही. डॉक्टर दहा-बारा वर्षं लवकर मरतात, असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही. मात्र आपण डॉक्टरांच्या आरोग्याची नीट मोजदादच करत नाही, ही उणीव त्या आकड्यानं उघडी पाडली.

व्यवसायाचे म्हणून काही खास धोके आहेत. वापरलेली सुई टोचली तर संसर्गाचा धोका हिपॅटायटिस बी साठी सुमारे ३० टक्क्यांपर्यंत, हिपॅटायटिस सी साठी सुमारे ३ टक्के आणि एचआयव्हीसाठी ०.३ टक्के असतो, हे प्रत्येक विद्यार्थी शिकतो. हिपॅटायटिस बी ची लस तीन डोसांची, स्वस्त आणि खात्रीची आहे. तरी छोट्या दवाखान्यांत डॉक्टरनं ती घेतलेली असते आणि ड्रेसिंग करणाऱ्या मावशींची राहून गेलेली असते. एचआयव्हीसाठीचं प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांत सुरू करून २८ दिवस घ्यावं लागतं. ते कुठे मिळेल हे आधी ठरलेलं नसेल, तर सुई टोचल्यावर शोधाशोधीत वेळ जातो.

दुसरा धोका क्षयाचा. बंद, वातानुकूलित, दहा बाय दहाच्या केबिनमध्ये दिवसभर खोकणाऱ्या माणसांसमोर बसणाऱ्याला तो असणारच. वारा डॉक्टरकडून पेशंटकडे आणि तिथून बाहेर जाईल अशी खुर्ची मांडणं, खिडकी उघडी ठेवणं, बाहेर काढणारा पंखा बसवणं, या उपायांना फारसा खर्च नाही. नवं केबिन सजवताना मात्र आधी ती खिडकीच बुजवली जाते.

दंतवैद्याची मान आणि कंबर, फिजिओथेरपिस्टचा अंगठा, सर्जनचे पाय हे त्या त्या व्यवसायाचे ठरलेले बळी आहेत. आणि स्त्री डॉक्टरचा प्रश्न तर वेगळाच मोठा. प्रसूती-लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं नोकरदार स्त्रीला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरणीला त्यातला एक दिवसही लागू होत नाही. दुसऱ्यांची बाळंतपणं करणारी बाई स्वतःच्या बाळंतपणानंतर महिन्या-दीड महिन्यात ओपीडीत परत बसते, कारण हप्ता थांबत नाही.

मनाचा थकवा

‘बर्नआउट’ ही कल्पना आज कॉर्पोरेट कंपन्यांच्या तोंडी असली, तरी तिचा उगम एका छोट्या दवाखान्यात आहे. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर हे मानसशास्त्रज्ञ न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात काम करत. तिथल्या तळमळीच्या कार्यकर्त्यांचं आतून रितं होत जाणं पाहून त्यांनी १९७४ साली त्यावर लिहिलं. पुढे ख्रिस्तिना मास्लॅक यांनी तो थकवा मोजण्याची प्रश्नावली तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात त्याला स्थान देताना तो आजार नसून कामाच्या ठिकाणाशी निगडित अवस्था आहे, असं स्पष्ट केलं. शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी तुटलेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं, या तिच्या तीन खुणा.

यातली दुसरी खूण रुग्णाला सर्वांत आधी जाणवते. ‘हल्ली डॉक्टर मान वर करून बघतही नाहीत,’ ही तक्रार बहुधा याच अवस्थेविषयी असते. २०१८ साली ४७ अभ्यास आणि ४२ हजारांहून अधिक डॉक्टर एकत्र धरून झालेल्या विश्लेषणात, बर्नआउट झालेल्या डॉक्टरांच्या हातून रुग्णाच्या सुरक्षेला बाधा येण्याची शक्यता सुमारे दुप्पट आढळली. थकलेला डॉक्टर चालवून घेणं म्हणजे रुग्णाचा धोका चालवून घेणं.

आपल्याकडे या थकव्यात भीतीची भर पडते. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रानं २०१० साली स्वतंत्र कायदा केला आणि त्यात तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद आहे, पण पेशंट दगावल्यावर काचा फुटण्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. रुग्णाच्या हक्कासाठी ते आवश्यकच होतं. मोठ्या रुग्णालयाला अशा दाव्यासाठी कायदा विभाग असतो. नर्सिंग होमच्या डॉक्टरला तारखेच्या दिवशी ओपीडी बंद ठेवून स्वतः जावं लागतं, आणि तो दावा चार-पाच वर्षं त्याच्या उशाशी राहतो.

पैशाचं गणित

डॉक्टरला झोप का मिळत नाही, याचं उत्तर पुष्कळदा त्याच्या ताळेबंदात असतं. एक साधं उदाहरण मांडून पाहू. समजा, एका दवाखान्याचा हप्ता, पगार, वीज, भाडं असा महिन्याचा ठरलेला खर्च तीन लाख रुपये आहे आणि महिन्यात कामाचे दिवस पंचवीस. म्हणजे रोजचे बारा हजार. तपासणी फी तीनशे असेल तर नुसता खर्च भागायला चाळीस पेशंट लागतात. प्रत्येकाला दहा मिनिटं दिली तर पावणेसात तास. आता डॉक्टरनं नवं मशीन आणि वरचा मजला घेतला आणि खर्च पाच लाखांवर गेला. रोजचे वीस हजार, म्हणजे सदुसष्ट पेशंट. दहा मिनिटांच्या हिशेबानं अकरा तासांहून जास्त. तेवढे तास नसतील तर प्रत्येकाला सहा मिनिटं.

म्हणजे वाढीचा बोजा तीन जागीच पडू शकतो: डॉक्टरच्या झोपेवर, पेशंटच्या वेळेवर, किंवा पेशंटच्या खिशावर. फी तीनशेची पाचशे केली तर पुन्हा चाळीस पेशंटांत भागतं. पण ‘डॉक्टर महाग झाले’ या बोलण्याच्या भीतीनं ती वाढवली जात नाही, आणि फरक अनावश्यक तपासण्यांतून किंवा ‘कट’मधून, म्हणजे पेशंट दुसरीकडे पाठवण्याच्या कमिशनमधून, भरून काढण्याचा मोह उभा राहतो. जगभरच्या तपासणी-वेळेची तुलना करणाऱ्या २०१७ च्या एका आढाव्यात भारतातली सरासरी जेमतेम दोन मिनिटांच्या आसपास निघाली, तर स्वीडनची बावीस मिनिटांहून जास्त. दोन मिनिटांच्या वैद्यकात रुग्णाचं समाधान होत नाही आणि डॉक्टरचंही होत नाही.

कट प्रॅक्टिसचा आणि डॉक्टरच्या प्रकृतीचा संबंध सहसा जोडला जात नाही. तो जोडला पाहिजे. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी देशभरातल्या डॉक्टरांशी बोलून या व्यवसायातल्या सचोटीच्या कोंडीवर लिहिलं आहे. मनाला न पटणारं रोज करावं लागणं, किंवा ते न केल्यामुळे पेशंट येणं थांबणं, या दोन्हींतून जी घुसमट होते तीही आजारच देते. राज्यात २०१७ साली कट प्रॅक्टिसविरोधी विधेयकाचा मसुदा तयार झाला होता. त्याचा कायदा झाला नाही.

बाहेरचा दाबही वाढतो आहे. शहरांत कॉर्पोरेट साखळ्या आल्या. विमा कंपन्या आणि त्यांचे दावे हाताळणाऱ्या टीपीए यांची कागदपत्रं आली. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम, सोनोग्राफीची नोंद, नर्सिंग होम कायद्याखालचे २०२१ चे सुधारित नियम आणि त्याच वर्षी जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालकं आगीत दगावल्यानंतर कडक झालेली अग्निसुरक्षेची तपासणी, यातला प्रत्येक नियम रुग्णाच्या भल्याचाच आहे. मात्र तीनशे खाटांच्या रुग्णालयात हे काम एक विभाग करतो आणि बारा खाटांच्या नर्सिंग होममध्ये रात्री अकरानंतर डॉक्टर स्वतः करतो.

डॉक्टर रुग्ण होतो तेव्हा

डॉक्टर स्वतःचा वाईट रुग्ण असतो. तो स्वतःच गोळी लिहून घेतो, ओळखीच्या मित्राला कॉरिडॉरमध्ये ईसीजी दाखवतो, साखरेची तपासणी पुढच्या महिन्यावर ढकलतो. त्याची फाइल कुठेच नसते. डॉ. अभय बंग यांना चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. त्यावरच्या ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या त्यांच्या पुस्तकानं असंख्य मराठी वाचकांची जीवनशैली बदलली. दुसऱ्यांच्या आरोग्यासाठी झटणाऱ्यानंच स्वतःकडे पाहायचं राहून जातं, ही त्यातली कबुली दवाखाना चालवणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे.

मानसिक त्रासाबाबत अडचण आणखी बिकट. लहान गावात डॉक्टर मानसोपचारतज्ज्ञाकडे गेल्याचं कळलं तर प्रॅक्टिसवर परिणाम होईल ही भीती खरी असते. ब्रिटनमध्ये २००८ पासून डॉक्टरांसाठी गोपनीय, स्वतंत्र आरोग्यसेवा चालते. महाराष्ट्रात मानसिक आरोग्याचं काम उभं राहिलेलं आहे. ठाण्याची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ (आयपीएच) ही संस्था १९९० पासून ते करते. खास डॉक्टरांसाठीची गोपनीय व्यवस्था मात्र जिल्ह्याजिल्ह्यात उभी राहायची आहे.

काय उपयोगी पडतं

या विषयावरचे सल्ले बहुतेक वेळा चालणं, प्राणायाम आणि छंद यांच्यापाशी संपतात. ते उपयोगी आहेत, पण अपुरे आहेत. डॉक्टरांच्या बर्नआउटवरच्या उपायांची एकत्रित तपासणी २०१७ साली झाली, तेव्हा व्यक्तीला शिकवण्यापेक्षा कामाची रचना बदलण्याचे उपाय अधिक परिणामकारक दिसले. छोट्या प्रॅक्टिसमध्ये रचना बदलण्याचा अधिकार मालकाकडे, म्हणजे डॉक्टरकडेच असतो. ही त्याची मोठी जमेची बाजू आहे.

पहिला बदल वेळेचा. नंबर लावून वाट पाहण्याऐवजी वेळ ठरवून पेशंट बघणं, आणि संध्याकाळची ओपीडी ठरलेल्या वेळी बंद करणं. पेशंट नाराज होतील अशी भीती असते. पण आठवड्याची एक पूर्ण सुट्टी पाळणाऱ्या डॉक्टरला गाव लवकरच सरावतं, कारण लोकांना नेम समजतो.

दुसरा बदल रात्रीचा. एकाच गावातल्या चार-पाच डॉक्टरांनी रात्रीच्या इमर्जन्सीच्या पाळ्या वाटून घेतल्या तर प्रत्येकाला आठवड्यातल्या बहुतेक रात्री झोप मिळते. यात पेशंट पळवला जाईल हा संशय आडवा येतो. रात्री पाहिलेला पेशंट सकाळी त्याच्या मूळ डॉक्टरकडे परत पाठवायचा, एवढा एक नियम पाळला तर हा संशय टिकत नाही.

तिसरा बदल भागीदारीचा. लातूरमध्ये डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली एकत्र येऊन विवेकानंद रुग्णालय उभं केलं. तो विश्वस्त संस्थेचा प्रयोग होता आणि त्यामागची ध्येयनिष्ठा सगळ्यांकडून अपेक्षित नाही. पण एकट्याच्या तीन मजल्यांपेक्षा चौघांचं एक रुग्णालय अधिक टिकाऊ असतं, हा त्यातला धडा खासगी प्रॅक्टिसलाही घेता येतो. एकच थिएटर, एकच सोनोग्राफी मशीन, एकच हिशेबनीस, आणि प्रत्येकाला वर्षातून सलग पंधरा दिवस रजा. भागीदारी मोडते ती बहुतेकदा अलिखित राहिल्यामुळे. उत्पन्नाची वाटणी, आजारपणातला हिस्सा आणि बाहेर पडण्याची रीत सुरुवातीलाच कागदावर हवी.

चौथा बदल वाढीच्या अर्थाचा. महाडसारख्या गावात छोटं रुग्णालय चालवणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर केलेलं संशोधन जगभर मान्यता पावलं. खाटा न वाढवताही प्रॅक्टिस मोठी होते, याचं हे ठळक उदाहरण. अमेरिकेत २००९ साली झालेल्या एका अभ्यासात, स्वतःला सर्वांत अर्थपूर्ण वाटणाऱ्या कामाला किमान वीस टक्के वेळ देणाऱ्या डॉक्टरांमध्ये बर्नआउट लक्षणीय कमी दिसला. आठवड्यातला एक दिवस शिकवण्याला, संशोधनाला, शाळातपासणीला किंवा आवडीच्या एखाद्या आजाराच्या विशेष ओपीडीला दिला तर ती चैन ठरत नाही.

पाचवी गोष्ट विम्याची. बहुतेक डॉक्टर दाव्यांपासून बचावाची पॉलिसी घेतात. आजारपणात किंवा अपघातात बुडणाऱ्या उत्पन्नाची सोय थोडेच करतात. तात्पुरत्या अपंगत्वात दर आठवड्याला रक्कम देणारं अपघात कलम, भरघोस आरोग्य विमा आणि सहा महिन्यांचा ठरलेला खर्च भागेल एवढी बाजूला ठेवलेली रक्कम, एवढं असल्याशिवाय नवं कर्ज काढू नये.

संघटना आणि सरकार

निवासी डॉक्टरांच्या कामाच्या तासांवर निदान चर्चा होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिगटानं २०२४ साली आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास आणि एक सुट्टी सुचवली. स्वतःची प्रॅक्टिस करणाऱ्याला अशी कोणतीही मर्यादा नाही. कोविडकाळात दवाखाने उघडे ठेवा म्हणून नोटिसा निघाल्या, आणि त्यात दगावलेल्या खासगी डॉक्टरांच्या कुटुंबांना पन्नास लाखांच्या सरकारी विम्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली.

संघटनांना बरंच काही करता येईल. प्रत्येक जिल्हा शाखेनं बदली डॉक्टरांची यादी ठेवावी, सभासदांची वार्षिक तपासणी करावी, एक गोपनीय मानसोपचार क्रमांक चालवावा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल नोंदणी टिकवण्यासाठी पाच वर्षांत ३० गुण मागते. त्यातले दोन-चार गुण डॉक्टरच्या स्वतःच्या आरोग्याच्या कार्यशाळेला द्यायला हरकत नसावी. सरकारनं छोट्या रुग्णालयांसाठी सगळ्या परवान्यांची एकच खिडकी उघडली, तर सुरक्षेला धक्का न लावता रात्रीचे कितीतरी तास वाचतील.

रुग्णांकडूनही एक अपेक्षा आहे. आपला डॉक्टर रविवारी भेटत नाही, ठरलेल्या वेळेनंतर फोन उचलत नाही, वाजवी फी घेतो आणि आपल्याला दहा मिनिटं देतो, तर तो डॉक्टर चांगला समजावा.

आणि दवाखाना वाढवायला निघालेल्या तरुण डॉक्टरांना एवढंच सांगायचं आहे की, बँकेत प्रकल्प अहवाल देण्याआधी त्यात एक ओळ आपल्या हातानं लिहा: हा विस्तार झाल्यावर मी किती तास झोपेन, आणि मी महिनाभर आजारी पडलो तर हा दवाखाना कोण चालवेल? या दोन प्रश्नांचं उत्तर देता येत नसेल, तर तो विस्तार आत्ता करू नका. ज्या दवाखान्याचा डॉक्टर पन्नाशीत कोसळतो, त्या दवाखान्याचा गावाला उपयोग निम्माच होतो. पंचाहत्तराव्या वर्षीही सकाळची ओपीडी निवांतपणे पाहणारे डॉक्टर महाराष्ट्राला हवे आहेत, आणि त्यासाठीची आखणी पस्तिशीतच करावी लागते.